शिशाचा खिळा आणि पडद्यावरील अक्षर

'अक्षर' या शब्दाचा मूळ अर्थ, ज्याचा क्षय होत नाहीं तें. परंतु माझ्या आयुष्याचीं तीसाहून अधिक वर्षें फळ्यावर खडूनें अक्षरें गिरवून दाखविण्यांत गेलीं, आणि सकाळीं काढलेलें अक्षर दुपारीं स्वतःच्याच हातानें पुसावें लागे. त्यामुळें या व्युत्पत्तीवर माझा फारसा भरंवसा नव्हता. तरी छापलेलें अक्षर मात्र राहतें, अशी माझी समजूत होती. ती समजूतही एके दिवशीं ढळली. ती कशी ढळली तें प्रथम सांगतों, आणि मग त्या निमित्तानें आपल्या मराठी अक्षरांना व चित्रांना छापखान्यापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत येतांना कोणकोणत्या अवस्थांतून जावें लागलें, याचा थोडक्यांत मागोवा घेतों.

ज्या शाळेंत माझी बहुतेक नोकरी झाली, तिचा शतकमहोत्सव २००३ सालीं झाला. त्या प्रसंगीं आम्हीं दीडशें पानांची एक स्मरणिका काढली. तींत शाळेचा इतिहास होता, जुन्या मास्तरांच्या आठवणी होत्या, पहिल्या तुकडीपासूनच्या विद्यार्थ्यांचीं नांवें होतीं आणि घरोघर फिरून मागून आणलेलीं ४६ छायाचित्रें होतीं. मजकूर एका छापखान्यांत संगणकावर जुळविला गेला. प्रती वांटल्या गेल्या, मूळ छायाचित्रें ज्याचीं त्यास साभार परत केलीं आणि सर्व सामग्रीची एक तबकडी आम्हीं शाळेच्या कपाटांत जपून ठेवली. २०२१ सालीं माजी विद्यार्थ्यांनीं शाळेचें संकेतस्थळ उघडण्याचें ठरविलें, तेव्हां शाळेंतील उरलेल्या प्रती वाळवीनें खाल्ल्याचें दिसून आलें. गांवांत चौकशी केली, तर पुरी प्रत कोणापाशींच निघाली नाहीं. म्हणून ती तबकडी बाहेर काढली. संगणकानें ती उघडली खरी, पण पडद्यावर मराठीचें एक अक्षर दिसेना! इंग्रजी मुळाक्षरें, कंस, उद्गारचिन्हें आणि डोक्यावर टोप्या घातलेले परदेशी स्वर यांची नुसती खिचडी. आणि छायाचित्रें पाहावींत तर तीं टपालाच्या तिकिटाएवढीं. मोठीं करूं जातां नाक-डोळ्यांचे चौकोनी ठिपके होत.

दोनशें वर्षांपूर्वीं छापलेलें मराठी पुस्तक आज उघडून वाचतां येतें, आणि अठरा वर्षांपूर्वीं आपणच जुळविलेला मजकूर वाचतां येत नाहीं, हें काय गौडबंगाल आहे? या प्रश्नानें मला बेचैन केलें आणि मी छपाईच्या इतिहासाचीं पुस्तकें चाळूं लागलों. उत्तर मिळालें तें असें कीं, ही अडचण नवी नाहीं. अक्षराचा आकार आणि अक्षराची ओळख या दोन गोष्टी एक आहेत कीं वेगळ्या, हा वाद आपल्या छपाईइतकाच जुना आहे.

आपल्या देशांत छापण्याचें यंत्र प्रथम आलें तें गोव्यास, १५५६ सालीं. परंतु त्या यंत्रावर मराठी अक्षरें उमटलीं नाहींत. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. भाषा मराठी, छंद ओवी, पण लिपी मात्र रोमन! याचें कारण स्टीफन्स यांनीं १६०८ मध्यें वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रांत सांपडतें. देशी लिपींत छापावयाचें तर सुमारें ६०० निरनिराळे सांचे लागतील, अशी ती अडचण होती. रोमन लिपीचें काम लहान-मोठ्या वर्णांसह शंभराच्या आसपास खिळ्यांत भागतें. आपल्याकडे क म्हटला कीं का, कि, की, कु, कू आणि त्याच्या पाठोपाठ क्य, क्र, क्ल, क्व, क्ष अशी सगळी पंगत उभी राहते. हा ६०० चा आंकडा श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. तो आपणांस शेवटीं पुन्हां भेटणार आहे.

त्यानंतर जवळजवळ दोनशें वर्षें गेलीं, आणि मग १८०५ या एकाच सालीं दोन घटना घडल्या. त्या एकमेकींस ठाऊकही नसतील, परंतु त्यांत पुढचा सारा इतिहास सांठविलेला आहे.

पहिली घटना मिरजेची. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणिसांच्या उत्तेजनानें पुण्यांत एका तांबटानें तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता उलट्या अक्षरांत कोरण्यास घेतली. तें काम पुढें मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें पुरें झालें आणि १८०५ मध्यें ती गीता छापली गेली. दुसरी घटना बंगालमधील श्रीरामपूरची. तेथील मिशनच्या छापखान्यांत पंचानन कर्मकार व त्याचा जांवई मनोहर या कारागिरांनीं अनेक देशी लिपींचे टाइप तयार केले होते. त्या छापखान्यांतून विल्यम केरीचें मराठी व्याकरण देवनागरी टाइपांत त्याच १८०५ सालीं बाहेर पडलें. केरीचा मराठी कोश १८१० मध्यें निघाला तो मोडी टाइपांत.

या दोहोंत फरक कोणता? मिरजेच्या पत्र्यावर अक्षरें नव्हतीं, अक्षरांचें चित्र होतें. एक काना चुकला तर पत्राच ठोकून पुन्हां कोरावयाचा. त्या पत्र्यांपासून गीतेखेरीज दुसरें कांहींही छापतां येण्याजोगें नव्हतें. श्रीरामपूरचे खिळे मात्र सुटे होते. आज त्यांतून व्याकरण जुळवावें, उद्यां मोडून पेटींत टाकावें, परवां त्याच खिळ्यांतून कथेचें पुस्तक उभें करावें. पत्रा देखणा खरा, पण मुका. खिळा ओबडधोबड, पण बोलका.

आपल्या मुंबई इलाख्यांत या दोन्ही वाटा शेजारीं शेजारीं चालल्या. बव्हेरियांत १७९६ च्या सुमारास सेनेफेल्डर यानें शोधून काढलेली शिळाछापाची कला मुंबईस आली, तेव्हां ती आपल्या लोकांस फार रुचली. कारण उघड आहे. लिहिणाऱ्यानें बोरूनें कागदावर लिहावें आणि तेंच वळण दगडावर उतरावें. ६०० सांच्यांची कटकटच नको. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत ही विद्या पाहून गणपत कृष्णाजी यांनीं स्वतःचें यंत्र तयार केलें आणि १८३१ मध्यें मराठी पंचांग छापलें. छापलेल्या पंचांगाच्या शाईंत चरबी असेल या शंकेनें लोक तें हातीं धरीनात, म्हणून त्यांनीं तूप घालून शाई केली, अशी आख्यायिका आहे. नव्या साधनाला जुन्या घरांत प्रवेश मिळवून देण्यासाठीं कोणत्या युक्त्या योजाव्या लागतात, त्याचा हा मासला आहे. परंतु शिळाछापाचा दोष तोच, जो तांब्याच्या पत्र्याचा. छापून झालें कीं दगड घासून साफ करावयाचा, आणि नव्या आवृत्तीस पुन्हां पहिल्यापासून लिहावयाचें.

म्हणून खिळ्यांच्या वाटेनें जाणाऱ्यांचे उपकार अधिक मानिले पाहिजेत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं देवनागरी टाइप सुबक करण्यासाठीं मेहनत घेतली. त्यांच्या हाताखालीं जावजी दादाजी हा एक गरीब मुलगा काम शिकला. त्याच जावजींनीं १८६४ मध्यें टाइपांची स्वतंत्र ओतशाळा काढली, आणि १८६९ मध्यें 'निर्णयसागर' छापखाना. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू हे पोलादावर अक्षर कोरण्यांत निष्णात होते. निर्णयसागरच्या टाइपाची कीर्ति साऱ्या हिंदुस्थानांत पसरली, आणि काशीच्या पंडितांनाही मुंबईच्या अक्षरांची गोडी लागली. जावजींचें शालेय शिक्षण बेतास बात होतें. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत मजल मारलेल्या मास्तराला ही गोष्ट मोठी दिलासा देणारी वाटते.

परंतु टाइप सुबक झाला तरी जुळाऱ्याचे हाल कांहीं संपले नाहींत. देवनागरीची एक ओळ म्हणजे खरें पाहतां तीन ओळी. मधल्या थरांत अक्षर, वरच्या थरांत वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, खालच्या थरांत उकार. जुळाऱ्याच्या पुढें इंग्रजीच्या दोन पेट्या असत, तर मराठीच्या चार-चार. पुढें शिशाची अख्खी ओळ ओतणारें लिनोटाइप यंत्र आलें. त्याच्या कळफलकावर कळा ९०. अमेरिकेंत राहणाऱ्या हरि गोविल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत देवनागरीस या ९० कळांच्या मापांत बसविण्याची खटपट केली. इकडे सावरकरांनीं अ ची बाराखडी सुचविली. इ, ई, उ, ऊ हीं निराळीं अक्षरें टाकून अ लाच वेलांटी व उकार लावावे, म्हणजे तितके खिळे वांचतील. किर्लोस्करवाडीच्या मासिकांनीं ती पद्धत चालविली, आणि आमच्या वडिलांच्या पिढीच्या डोळ्यांना तिची संवयही झाली. १९५३ मध्यें लखनौच्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचाही ठराव केला. पण तो लोकांच्या गळीं उतरला नाहीं आणि पुढें मागें घेण्यांत आला. या सर्व खटपटींच्या मुळाशीं एकच विचार होता: यंत्र बदलत नाहीं, तर लिपीनें आपलें अंग चोरावें. त्या थोर मंडळींच्या हेतूविषयीं शंका नाहीं. पण आज मागें वळून पाहतां असें वाटतें कीं, लिपीनें थोडा धीर धरला हें बरें झालें. कारण यंत्रच बदललें.

आतां चित्रांकडे वळूं. खिळ्यांच्या शेजारीं बसणारें पहिलें चित्र लांकडावर कोरलेलें असे. तेंही ठशाचेंच काम, म्हणून एकाच दाबांत मजकूर व चित्र दोन्ही उमटत. रंगीत चित्रें मात्र शिळाछापावर निघत. पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकारानें निघाली, आणि राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईस सुरू होऊन पुढें मळवलीस गेला. त्यांच्या चित्रांनीं मराठी घरांच्या भिंती आणि देव्हारे भरून टाकले. मळवलीच्या त्या छापखान्यांत ज्यांनीं छायाचित्रावरून छपाईचे ठसे करण्याचें काम केलें, तेच दादासाहेब फाळके पुढें भारतीय चित्रपटाचे जनक झाले.

छायाचित्र छापण्याची खरी अडचण निराळी होती. छापखान्याची शाई एकच, काळी. आणि छायाचित्रांत काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा असंख्य. ही गांठ हाफटोननें सोडविली. बारीक रेघांच्या जाळीच्या कांचेंतून छायाचित्र घेतलें कीं त्याचे लहान-मोठे ठिपके होतात. मोठे ठिपके म्हणजे सांवली, लहान ठिपके म्हणजे उजेड. दूरून पाहतां डोळा फसतो, आणि ही फसवणूक त्याला आवडते. परंतु या कलेंत एक गुरुकिल्ली होती. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदासाठीं इंचास ६५ रेघांची जाडी जाळी लागे, तर गुळगुळीत आर्ट कागदासाठीं १३३ रेघांची बारीक. आर्ट कागदाचा ठसा वर्तमानपत्रांत वापरला तर शाई भरून नुसता काळा डाग उमटे. म्हणून जाणता ठसेवाला प्रथम विचारी, "चित्र कोणत्या कागदावर जाणार?" आणि मूळ छायाचित्र जपून ठेवी, कारण ठसा पुन्हां करतां येतो, छायाचित्र पुन्हां काढतां येत नाहीं. हा प्रश्न आणि ही जपणूक आम्हीं २००३ मध्यें विसरलों.

श्रोतेहो, आतां संगणकाकडे येऊं. संगणकाला अक्षर ठाऊक नाहीं, आंकडा ठाऊक आहे. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक द्यावयाचा आणि त्या क्रमांकाचें रूप फाँटानें दाखवावयाचें, अशी त्याची रीत. प्रारंभीं त्याच्यापाशीं जागा अवघ्या २५६ होत्या, आणि त्याही इंग्रजी व युरोपीय अक्षरांनीं अडविलेल्या. तेव्हां मराठी फाँट करणाऱ्यांनीं काय केलें? इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठीचे तुकडे बसविले. कोठें अर्धा क, कोठें काना, कोठें रफार. ज्याचा फाँट त्याची बसवणूक. एका छापखान्याच्या फाँटांत जेथें वेलांटी, तेथें दुसऱ्याच्या फाँटांत अर्धा स. तो फाँट संगणकांत असला तर मराठी दिसे. नसला तर खालचीं इंग्रजी अक्षरें उघडीं पडत. आमच्या तबकडीचें गूढ तें हेंच! आम्हीं मजकूर लिहिला असें आम्हांस वाटलें. वस्तुतः आम्हीं मराठीचा मुखवटा चढविलेले परक्या लिपीचे क्रमांक लिहिले होते. हें तांब्याच्या पत्र्याचेंच भावंड झालें: पाहावयास अक्षर, आंत अक्षर नाहीं.

यावर उपाय शोधण्याचें काम आपल्याच देशांत झालें, ही अभिमानाची गोष्ट आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेलें आणि पुढें पुण्याच्या सी-डॅकनें वाढविलेलें काम, आणि त्यांतून सिद्ध झालेली भारतीय लिपींची 'इस्की' ही संकेतपद्धति १९९१ मध्यें राष्ट्रीय मानक ठरली. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिपींना सामावून घेणारा युनिकोड प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधींच्या आराखड्यावरूनच घेतलेली होती. युनिकोडच्या मूळ पट्ट्यांत देवनागरीस जागा आहेत १२८. मग जोडाक्षरांचें काय? येथेंच खरी खुबी आहे. युनिकोड आकारांना क्रमांक देत नाहीं, वर्णांना देतो. क चा क्रमांक २३२५, हलन्ताचा २३८१, ष चा २३५९. हे तीन क्रमांक ओळीनें ठेवले कीं क्ष झाला. त्याचा आकार कसा दाखवावयाचा तें फाँटानें पाहावें. आणि फाँटाच्या पोटांत डोकावलें, तर चांगल्या देवनागरी फाँटांत आजही अनेक शतकें आकार भरलेले आढळतात. स्टीफन्स यांचा ६०० चा आंकडा खोटा नव्हता! फरक इतकाच कीं तें ओझें जुळाऱ्याच्या हातावरून उतरून यंत्राच्या पाठीवर गेलें.

विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा युनिकोडचा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं घडविला, आणि लाखों मराठी वाचकांनीं पडद्यावरील युनिकोड मराठी प्रथम त्याच अक्षरांत वाचली. संकेतस्थळांची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील प्रयोगशाळेंत १९८९ मध्यें मांडली. १९९३ मध्यें मोझेक या न्याहाळकानें मजकुराच्या मध्येंच चित्र दाखविण्याची सोय केली. फाँट दाबून लहान करून पानाबरोबरच धाडण्याची सर्वमान्य पद्धत २०१२ मध्यें कायम झाली. म्हणजे आतां वाचकाच्या संगणकांत कोणता फाँट आहे याची काळजी नाहीं. पान आपलें अक्षर आपल्याबरोबर घेऊन येतें.

मग फाँट निवडावा कसा? माझा अनुभव थोडा, पण कळकळीचा आहे, म्हणून सांगतों. पहिली अट, फाँट युनिकोडचा असावा. येथें तडजोड नाहीं. दुसरी अट, त्याची परीक्षा मराठी शब्दांनीं घ्यावी. मी 'कुऱ्हाड, तऱ्हा, हृदय, ह्रस्व, रुपया, रूप, श्री, ज्ञान, ॲ, ऑ' एवढे लिहून पाहतों. ॲ हें अक्षर युनिकोडांत २००८ मध्यें आलें, म्हणून जुन्या फाँटांत त्याच्या जागीं रिकामा चौकोन उभा राहतो. अर्ध्या र चें तर विचारूंच नका. ज्या फाँटास तो येत नाहीं, त्याच्या राज्यांत आचाऱ्यांचे आचार्य होतात आणि दऱ्यांचा दर्या होतो. सत्काराच्या बातमींत कोणाचा मान कोणास मिळेल याचा नेम नाहीं! तिसरी गोष्ट वळणाची. मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त असावा, असें महाराष्ट्र शासनानें ठरविलें आहे. पानाची भाषा मराठी आहे, अशी खूण पानाच्या आंत करून ठेवली, तर कांहीं फाँट आपण होऊन मराठी वळण देतात. ती खूण नसेल तर हिंदी वळण उमटतें.

चौथी गोष्ट मोकळ्या जागेची. इंग्रजीच्या मापानें ओळींत अंतर ठेविलें तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन टेकतो. म्हणून अक्षराच्या मापाच्या दीडपटीहून अंतर थोडें अधिकच असावें. अक्षरें ताणून त्यांत फट पाडूं नये; त्यानें शिरोरेषा तुटते, आणि शिरोरेषा तुटलेली ओळ म्हणजे माळेंतून सुटलेले मणी. 'मुक्ता', 'नोटो' यांसारखे चांगले फाँट आज मुक्त परवान्यानें विनामूल्य मिळतात. मजकुरास एक व मथळ्यास फार तर दुसरा घ्यावा. लग्नपत्रिकेचीं वेलबुट्टीचीं अक्षरें लग्नपत्रिकेंतच शोभतात.

चित्रांविषयीं जुन्या ठसेवाल्याचाच नियम सांगतों: मूळ चित्र निराळें, पानाचें चित्र निराळें. लहानसें जुनें छायाचित्र असेल तर इंचास ६०० ठिपके या मापानें त्याची प्रतिमा घ्यावी, ती दोन जागीं ठेवावी आणि तिला पुन्हां हात लावूं नये. पानासाठीं तिची नक्कल करावी आणि ती हजार-बाराशें ठिपके रुंदीची करावी, म्हणजे खेड्यांतील मोबाइलवरही पान अडून बसत नाहीं. छायाचित्रास जेपेग हा प्रकार बरा; १९९२ चें हें मानक डोळ्यास न जाणवणारा तपशील गाळून फाइल लहान करतें. पण प्रत्येक वेळीं उघडून पुन्हां सांठविली कीं आणखी थोडा तपशील गळतो, हें ध्यानांत ठेवावें. रेखाचित्र, नकाशा किंवा हस्ताक्षर असेल तर १९९६ चा पीएनजी बरा. त्यांत कांहीं गळत नाहीं. आणि चित्राखालीं डावीकडून उजवीकडे सर्वांचीं नांवें लिहावींत, तींही सांगणारें माणूस हयात आहे तोंवरच.

आणखी एक चूक आमच्याच हातून झाली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. संकेतस्थळावर पहिली सूचना लावली ती सुंदर रंगीत चौकटींत, सुरेख अक्षरांत. पण ती होती चित्र. दुसऱ्या दिवशीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. तो जन्मांध आहे. त्याचा मोबाइल त्याला पानें वाचून दाखवितो. तो म्हणाला, "गुरुजी, सगळे म्हणतात पान फार छान झालंय. पण माझ्यापुढं तें कांहींच बोलत नाहीं." मी खजील झालों. दोनशें वर्षांनंतर मी पुन्हां तांब्याचा पत्राच कोरून बसलों होतों! त्या दिवसापासून आम्हीं मजकूर तो मजकूर म्हणूनच ठेवतों, आणि प्रत्येक चित्राच्या पाठीमागें त्याचें दोन ओळींचें वर्णन लिहितों. आपण श्रोते मंडळी आज मला पाहत नाहीं, केवळ ऐकत आहां. तेव्हां डोळ्यांवांचून पोंचणाऱ्या शब्दाचें मोल आपणांस मीं निराळें सांगावयास नको.

आतां त्या तबकडीचें काय झालें तें सांगून संपवितों. एका माजी विद्यार्थ्यानें त्या जुन्या फाँटाचा शोध लावला आणि त्यांतील प्रत्येक तुकड्यासमोर युनिकोडचा क्रमांक मांडून एक कोष्टक केलें. त्या कोष्टकावरून मजकूर मराठींत आला, पण रफार भलत्याच डोक्यावर आणि वेलांट्या शेजाऱ्याच्या दारांत. मी व माझे एक जुने सहकारी, असे आम्ही दोघे तीन महिने रोज संध्याकाळीं बसून तो तपासूं लागलों. ती दीडशें पानें आज उभीं आहेत, आणि तीं आतां कोणाच्या मालकीच्या फाँटावर अवलंबून नाहींत.

छायाचित्रांचें मात्र तसें झालें नाहीं. ४६ पैकीं नऊ मूळ चित्रें घरोघर विचारून परत मिळालीं. बाकीच्यांचीं घरें विकलीं गेलीं होतीं, माणसें शहरांत गेलीं होतीं. त्यांत १९३१ सालचें एक चित्र होतें. आमच्या शाळेंत मुली मुलांबरोबर प्रथम बसल्या, त्या वर्षींचें. पांच मुली पुढच्या रांगेंत, हातांत पाट्या. एक तरुण गृहस्थ मुद्दाम मुंबईहून आले आणि म्हणाले, "गुरुजी, यांतली आमची पणजी कोणती?" नांवें आमच्यापाशीं होतीं, क्रमही होता. मीं बोट ठेवून दाखविलें. पण त्या बोटाखालीं चेहरा नव्हता. करड्या रंगाचे दहा-बारा चौकोन होते. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनीं माझे आभार मानले. ते आभार मला अजून बोंचतात.

अक्षरें परत मिळालीं, कारण त्यांची ओळख कोठेंतरी शिल्लक होती. चेहरे मिळाले नाहींत, कारण मूळ आम्हीं राखलें नाहीं. तेव्हां श्रोतेहो, आपल्या घरीं जुनीं पत्रें असतील, छायाचित्रें असतील, वडिलांच्या हातची एखादी वही असेल, तर ती आज संध्याकाळींच काढा. मजकूर खऱ्या अक्षरांत उतरवून ठेवा, चित्राची मोठी प्रत करून ठेवा आणि खालीं नांवें लिहा. एवढें झालें, तर 'अक्षर' या शब्दाची व्युत्पत्ति खोटी ठरणार नाहीं.